कोर्टाची एकेक पायरी चढलेला निफाडचा माणूस : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं गावोगाव म्हणतात. तरी बांधाचा वाद असतो, भावाभावांची वाटणी असते, बहिणीच्या हिश्श्याचं राहिलेलं असतं, कुणी उसने घेतलेले पैसे बुडवलेले असतात. शेवटी पायरी चढावीच लागते. आपल्या निफाडने मात्र असा एक माणूस दिला, ज्याने दिवाणी कोर्टाच्या बहुतेक सगळ्या पायऱ्या आतल्या बाजूने, म्हणजे न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून पाहिल्या. सबजज्ज, स्मॉल कॉज कोर्टाचे जज्ज, शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कायद्याखालचे खास न्यायाधीश आणि शेवटी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. नाव महादेव गोविंद रानडे.

शाळेच्या पुस्तकात रानडे म्हटले की समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ आणि गोखल्यांचे गुरू एवढंच येतं. ते खरंच आहे. पण त्यांची पोटापाण्याची नोकरी होती न्यायाधीशाची, आणि त्या नोकरीत त्यांनी शेतकऱ्याचं कर्ज जेवढं जवळून पाहिलं तेवढं त्या काळातल्या फार थोड्या शिकलेल्या माणसांनी पाहिलं असेल. त्या बाजूची गोष्ट कमी सांगितली जाते.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, निफाडचा. वडील गोविंदराव तिथे मामलेदार कचेरीत नोकरीला होते. पुढे वडील कोल्हापूर संस्थानात गेले, त्यामुळे माधवचं (घरी माधवच म्हणायचे) बालपण आणि सुरुवातीची शाळा कोल्हापुरात झाली. चौदा-पंधरा वर्षांचा असताना पोरगा शिकायला मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि १८५९ साली तिथली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्या पहिल्याच तुकडीत रानडे पास झाले. १८६२ ला बी. ए., १८६४ ला एम. ए., १८६६ ला एलएल. बी. वाचून वाचून डोळे इतके बिघडले की पुढे आयुष्यभर दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ अनेकदा आली. शिकत असतानाच एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी कारभाराशी तुलना करून मराठ्यांना झुकतं माप दिलं, म्हणून प्रिन्सिपॉलने त्यांची शिष्यवृत्ती काही काळ रोखली होती.

कायद्याची पदवी मिळाली तरी लगेच कोर्टात गेले नाहीत. काही दिवस शिक्षण खात्यात, काही दिवस अक्कलकोट संस्थानात कारभारी, थोडे दिवस कोल्हापूरला न्यायाधीश आणि मग १८६८ पासून एल्फिन्स्टन कॉलेजात प्रोफेसर. १८७१ साली त्यांनी अॅडव्होकेटची परीक्षा दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीला पुण्याला पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून नेमणूक झाली. वय एकोणतीस. खालच्या वर्गात वर्षानुवर्षं काढल्यावर मिळणारी ही जागा होती, ती त्यांना थेट मिळाली.

पहिल्या वर्गाचा सबजज्ज म्हणजे काय

हे समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. १८६९ साली मुंबई इलाख्यासाठी दिवाणी न्यायालयांचा कायदा झाला. त्याने शिडी अशी लावली. सगळ्यात खाली दुसऱ्या वर्गाचा सबजज्ज. त्याच्यापुढे पाच हजार रुपयांपर्यंतचे दावे चालायचे. त्याच्या वर पहिल्या वर्गाचा सबजज्ज, त्याच्यापुढे कितीही रकमेचा दावा चालायचा. त्यांच्या वर जिल्हा न्यायाधीश, आणि कामाचा बोजा असेल तिथे त्याच्या मदतीला जॉइंट किंवा असिस्टंट जज्ज. सबजज्जाच्या निकालावर अपील जिल्हा कोर्टात. पण पहिल्या वर्गाच्या सबजज्जाने पाच हजारांवरच्या दाव्यात निकाल दिला असेल, तर त्याचं अपील जिल्हा कोर्टात न जाता थेट मुंबईला हायकोर्टात. जिल्हा कोर्टाने अपिलात दिलेल्या निकालावरही हायकोर्टात दुसरं अपील करता यायचं, पण तिथे मुख्यतः कायद्याचा मुद्दा बघत. साक्षीदार खरं बोलला की खोटं, हे तिथे पुन्हा उकरायचं नाही. मुंबई हायकोर्ट १८६२ साली सुरू झालं होतं. त्याच्याही वर लंडनची प्रिव्ही कौन्सिल. तिथवर जायचं तर पैशाची थैलीच लागायची.

ही शिडी आज बदलली का? नावं बदलली. आज तालुक्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, त्याच्या वर दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायालय, मग हायकोर्ट आणि लंडनऐवजी दिल्लीचं सुप्रीम कोर्ट. कनिष्ठ स्तरापुढे ठराविक रकमेपर्यंतचे दावे, वरिष्ठ स्तरापुढे कितीही रकमेचे, हा भेद तोच. कायदासुद्धा तोच १८६९ चा, फक्त आता त्याच्या नावात महाराष्ट्र आलं आहे आणि आकडे वाढले आहेत. तेव्हा पुण्याच्या त्या खुर्चीवर रानडे बसले तेव्हा ते आजच्या भाषेत वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश होते असं समजायला हरकत नाही.

एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी, कारण अजूनही गावात घोळ होतो. तहसीलदाराची कचेरी आणि दिवाणी कोर्ट या दोन वेगळ्या वाटा आहेत. सातबाऱ्यावरची नोंद, फेरफार हे महसुली काम. जमीन खरी कुणाच्या मालकीची, हा वाद उभा राहिला तर तो दिवाणी कोर्टातच सुटतो. फेरफार झाला म्हणजे मालकी लागली असं नसतं. रानड्यांच्या वेळीही महसूल एकीकडे आणि कोर्ट दुसरीकडे असंच होतं, आणि शेतकरी दोन्हीकडून पिळला जात होता.

शंभराचे पाचशे कसे व्हायचे

रानडे पुण्याला आले तेव्हा आजूबाजूच्या तालुक्यांत शेतकऱ्याची अवस्था वाईट होती. १८६१ ते ६५ अमेरिकेत आपसातली लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनी कर्जं काढली. लढाई संपली, भाव कोसळला. त्यातच जमिनीची नवी पाहणी होऊन अनेक तालुक्यांत शेतसारा वाढला. सारा रोखीत भरायचा, तो भरायला पुन्हा सावकाराचं दार.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण कोर्टाचा यात काय हात होता, ते बघण्यासारखं आहे.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. व्याज कितीही साचलं तरी एका वेळी मुद्दलाच्या वर व्याज वसूल करता यायचं नाही. म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. मुंबई इलाख्यातली कोर्टंही हिंदू कर्जदारांच्या बाबतीत हा नियम मानत. दुसरीकडे १८५९ साली मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर दावा बुडाला. वाचायला हे शेतकऱ्याच्या फायद्याचं वाटतं. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार शेतकऱ्याला बोलवायचा, व्याज मुद्दलात मिळवायचा आणि सगळ्या रकमेचा नवा रोखा लिहून त्यावर अंगठा घ्यायचा. नवा रोखा, नवं मुद्दल. दामदुपटीचा नियम त्या नव्या मुद्दलावर पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

समजा शंभर रुपये घेतले, व्याज शेकडा पंचवीस. तीन वर्षांनी १७५ चा रोखा. आणखी तीन वर्षांनी ३०६ चा. आणखी तीन वर्षांनी ५३५ चा. दामदुपटीने नऊ वर्षांत दोनशेच्या वर जाता येत नव्हतं, ते पाचशेच्या वर गेलं, आणि कायद्याचं एक अक्षर मोडलं नाही.

मग सावकार कोर्टात जायचा. कोर्टापुढे काय? रोखा. खाली अंगठा, साक्षीदारांच्या सह्या. शेतकऱ्याला समन्स लागायचं. कोर्ट तीस-चाळीस मैलांवर, बैलगाडीने किंवा पायी जायचं, कामाचे दिवस, वकिलाला द्यायला पैसा नाही, आणि गेलं तरी काय सांगणार? अंगठा तर आपलाच. बहुतेक जण जायचेच नाहीत. दावा एकतर्फी निकाली. हुकूमनामा सावकाराच्या हातात. त्यावर दरखास्त लावली की जप्ती, लिलाव, नाहीतर कर्जदार दिवाणी तुरुंगात. कित्येक सावकार तर हुकूमनामा लगेच बजावायचेही नाहीत. तो दाखवून आणखी एक रोखा लिहून घ्यायचे, किंवा शेतकऱ्याला त्याच्याच जमिनीत कूळ म्हणून राबवायचे.

इथे न्यायाधीश लाच खात होता असं नाही. कारकून थोडंफार खात असतील, ते सोडा. न्यायाधीश कायद्याप्रमाणेच निकाल देत होता. रानड्यांसारखा माणूस त्या खुर्चीवर बसला तरी समोर रोखा आणि गैरहजर प्रतिवादी असेल तर त्याच्याही हाती फारसं काही नव्हतं. शिडी सरळ होती, पायऱ्या मोजून बसवलेल्या होत्या, फक्त खालच्या पायरीपर्यंत शेतकरी पोचतच नव्हता.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला लावलं. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. दुकानातून माल नाही, शेतात मजूर नाही, न्हावी-धोबी बंद. हे लोण गावागावांत गेलं. १२ मे १८७५ ला तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या, म्हणजे आताच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. लोकांना काय हवं होतं, हे त्यांनी काय जाळलं त्यावरून कळतं. त्यांनी रोखे आणि हुकूमनामे जाळले. जिथे सावकाराने कागद मुकाट दिले तिथे बहुतेक मारहाणही झाली नाही. शेकडो लोक पकडले गेले. सरकारने चौकशी कमिशन नेमलं.

पुण्यातले रानडे

याच काळात रानडे पुण्याच्या सार्वजनिक सभेचा मेंदू झाले होते. सभा १८७० ची, तिचे पुढारी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका. रानडे सरकारी नोकर, उघड पुढारीपण करता येत नव्हतं, पण सभेचे अर्ज, आकडेवारी, १८७६-७७ च्या दुष्काळातली गावोगावची माहिती, १८७८ पासून निघालेलं त्रैमासिक, यात त्यांचाच हात असे. सार्वजनिक काकांनी १८७६ ला पुण्यात लवाद कोर्ट काढलं. दोन्ही पक्षांनी राजीखुशीने यायचं, पंचांनी वाद मिटवायचा. सरकारी कोर्टाचा पगार घेणारे रानडे या लवादाच्या कल्पनेच्या बाजूचे होते, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

घरच्या एका गोष्टीत मात्र ते कमी पडले आणि ते झाकायचं कारण नाही. १८७३ साली पहिली पत्नी वारली. रानडे विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते, त्यामुळे आता ते स्वतः विधवेशी लग्न करतील अशी लोकांची अपेक्षा. वडिलांनी अडवलं, आणि बत्तिशीच्या उंबरठ्यावरच्या रानड्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. मित्रही नाराज झाले, विरोधकांना तर चघळायला विषय मिळाला. ती मुलगी म्हणजे रमाबाई. रानड्यांनी तिला घरातल्या बायकांचा विरोध पत्करून शिकवलं, आणि पुढे सेवासदनाचं काम तिने उभं केलं. तिने लिहिलेल्या आठवणींमुळेच रानड्यांच्या घरातलं आणि दौऱ्यातलं जगणं आज कळतं.

१८७८ ला बदली नाशिकला. जिल्ह्यातच जन्मलेला माणूस जिल्ह्याच्या कोर्टात जज्ज होऊन आला. पण सरकारच्या मनात संशय शिरला होता. १८७९ ला वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड सुरू होतं, मे महिन्यात पुण्यात बुधवार वाड्याला आग लागली, आणि पुण्याच्या शिकलेल्या लोकांवर सरकारची नजर वळली. सुट्टीत पुण्याला आलेल्या रानड्यांना तातडीने धुळ्याला जाण्याचा हुकूम आला. धुळ्यात त्यांची टपाल फोडली जायची. बंडवाल्यांच्या नावाने पत्रं यायची, रानडे ती उचलून सरळ अधिकाऱ्यांकडे पाठवायचे. आपल्याला जोखलं जातंय हे त्यांना कळत होतं. त्यांनी ना त्रागा केला, ना काम थांबवलं. काही महिन्यांनी संशय फिटला.

कोर्टाला रोख्याच्या मागे बघायला लावणारा कायदा

दंग्यांच्या कमिशनचा अहवाल आला आणि १८७९ च्या अखेरीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी एक नवा कायदा लागू झाला. इंग्रजीत डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट, आपण शेतकरी कर्जनिवारण कायदा म्हणू. नाशिक त्या पहिल्या चारात नव्हतं.

या कायद्याने दिवाणी कोर्टाचा नेहमीचा साचाच बदलला. शेतकऱ्याविरुद्ध पैशाचा दावा आला तर कोर्टाने नुसता रोखा बघायचा नाही, व्यवहार पहिल्यापासून तपासायचा. पहिल्यांदा हातात किती दिले, व्याज किती लावलं, धान्य किती नेलं, किती फेडलं, सगळा हिशेब मांडून मगच खरं देणं काय ते ठरवायचं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं बंद. जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिली नसेल तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यावर तिचा लिलाव बंद. देणं हप्त्याने फेडायची सवलत. पैसे भरले की पावती द्यायची, मागितला की हिशेब द्यायचा. रोख्याची मुदत वाढवली, म्हणजे तीन-तीन वर्षांनी नव्या रोख्याचं चक्र थांबावं.

शिडीच्या खालीही दोन पायऱ्या जोडल्या. गावातल्याच एखाद्या वजनदार माणसाला गावमुनसफ नेमायचं, त्याने अगदी किरकोळ रकमेचे दावे गावातच ऐकायचे, तिथे वकील नाही. आणि कन्सिलिएटर, म्हणजे समेट घडवणारा. दावा लावायच्या आधी त्याच्याकडे जायचं, तडजोड होते का बघायचं, नाहीच झाली तर त्याचा दाखला घेऊन मग कोर्टात. आजच्या लोकअदालतीची आणि मध्यस्थीची आठवण यावी असंच हे. दस्त नोंदवायला गावागावांत रजिस्ट्रारही नेमले.

पण गावमुनसफ आपल्या भावकीला झुकतं माप देणार नाही कशावरून? कन्सिलिएटर सावकाराच्याच ओट्यावर बसून दाखले देणार नाही कशावरून? शिवाय या कायद्याखाली लहान दाव्यांत अपील ठेवलं नव्हतं, खर्च आणि वेळ वाचावा म्हणून. अपील नाही तर चुकीला आवर कोण घालणार? म्हणून चार जिल्ह्यांवर एक खास न्यायाधीश नेमला. त्याने खालच्या कोर्टांचे कागद मागवायचे, तपासायचे, चुकलं असेल तिथे दुरुस्त करायचं, आणि त्यासाठी तालुक्या-तालुक्यांत फिरायचं. पक्षकाराने वर यायचं नाही, वरच्या न्यायाधीशाने खाली जायचं.

१८८१ साली रानडे काही काळ मुंबईत मॅजिस्ट्रेट होते, तिथून त्यांना याच कामावर, खास न्यायाधीशाचे पहिले मदतनीस म्हणून, पुणे-साताऱ्याला आणलं. ते हिंडले, दप्तरं तपासली. मधे १८८४ ला पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे जज्ज झाले. ही शिडीच्या बाजूची पायरी. लहान रकमेचे साधे पैशाचे दावे तिथे झटपट चालायचे, जमिनीच्या मालकीचा वाद तिथे नाही, आणि निकालावर अपीलही नाही. अशा कोर्टात जज्ज घाईचा असला तर गरिबाचं मरण. म्हणून तिथे जज्ज कोण बसतो यालाच महत्त्व. १८८५ ला मुंबईच्या कायदेमंडळात कायद्याचे जाणकार सभासद म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि १८८७ ला डॉ. पोलन यांच्या जागी ते स्वतः चार जिल्ह्यांचे खास न्यायाधीश झाले. पुढची सहा वर्षं त्यांनी या कामात घालवली.

जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचं हे काम होतं. जिल्हा न्यायाधीशाच्या खुर्चीवर तेव्हा बहुतेक विलायतेत परीक्षा देऊन आलेले गोरे साहेब बसायचे, सत्येंद्रनाथ टागोरांसारखा एखादा अपवाद. रानड्यांना ती नेहमीची वाट नव्हतीच. त्यांना मिळाली ती धुळीची वाट. पावसाळा सरला की दौरा सुरू. तंबू, गाड्या, दप्तरं, बरोबर रमाबाई. एका मुक्कामाला कोर्टाचे कागद तपासायचे, गावच्या लोकांशी बोलायचं, शाळा बघायची, पुढचा मुक्काम. डोळे अधू, त्यामुळे कागद वाचून दाखवायला माणूस.

कायदा चांगला होता, पण रामबाण नव्हता, आणि सावकारही गप्प बसणारे नव्हते. गहाणखत लिहिलं तर कोर्ट मागचा हिशेब काढतं ना? मग गहाणखत नकोच, सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं. तोंडी सांगायचं की पैसे परत केलेस की जमीन परत. कागदावर विक्री, तोंडावर गहाण. शेतकरी विश्वासावर अंगठा द्यायचा, आणि वेळ आली की कोर्ट कागद बघायचं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायद्यात दुरुस्ती करून कोर्टाला या तोंडी बोलण्याच्याही मागे जायची परवानगी द्यावी लागली. तोवर कित्येक जमिनी गेल्या होत्या. कन्सिलिएटरांकडून व्हावा तेवढा उपयोग झाला नाही, ती पद्धतही पुढे बंद पडली. आणि शेतकरी कोण, हाच प्रत्येक दाव्यातला पहिला वाद होऊन बसला, कारण शेतकरी ठरलं तर सवलती.

रानड्यांना हे दिसत होतं. कायद्याच्या ते एकूण बाजूचे, पण सावकार नाहीसा झाला म्हणजे शेतकरी सुटला असं त्यांनी कधी मानलं नाही. बी-बियाणाला, बैलाला, साऱ्याला पैसा लागणारच. सावकार आखडता हात घेईल तर दुसरा कोण देणार? म्हणून पुण्याचे जिल्हा न्यायाधीश राहिलेले सर विल्यम वेडरबर्न यांच्याबरोबर त्यांनी शेतकी बँकेची कल्पना लावून धरली. पुरंदर तालुक्यात प्रयोग करायचा, जुनी कर्जं ठरवून मिटवायची, आणि बँकेने रास्त व्याजाने पैसा द्यायचा, असा बेत होता. हिंदुस्थान सरकारही तयार झालं, विलायतेतून मात्र नकार आला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा व्हायला १९०४ साल उजाडलं. आज गावात विकास सोसायटी आहे, तिचं मूळ शोधत गेलं तर मधे कुठेतरी पुरंदरचा हा न झालेला प्रयोग लागतो. कोर्टाने कर्जाचा निकाल लावता येतो, कोर्टाने कर्ज देता येत नाही, हे त्या दोन न्यायाधीशांना जितकं कळलं तितकं तेव्हाच्या कुठल्या मंत्र्याला कळलेलं दिसत नाही.

हायकोर्ट

१ सप्टेंबर १८९३ ला न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले. त्यांच्या जागी हायकोर्टावर रानड्यांची नेमणूक झाली. नानाभाई हरिदास आणि तेलंग यांच्यानंतर तिथे कायम बसलेले हे हिंदी न्यायाधीश. पुण्याने त्यांना निरोप दिला तो एखाद्या राजाला द्यावा तसा. पानसुपारी, मेजवान्या, भाषणं बरेच दिवस चालले होते.

हायकोर्टाच्या दोन बाजू. मुंबई शहरातले मोठे दावे थेट हायकोर्टातच सुरू व्हायचे, ती मूळ शाखा. आणि जिल्ह्यांतून आलेली अपिलं ती अपील शाखा. धारवाडपासून खानदेशापर्यंत कुठल्याही गावातला वाटणीचा, दत्तकाचा, वतनाचा वाद दोन कोर्टं चढून तिथे यायचा. तिथे पोचलेल्या कागदांत माणूस दिसत नाही. साक्षी इंग्रजीत भाषांतर होऊन आलेल्या, गाव म्हणजे एक नाव. रानड्यांचा फायदा असा की खालच्या कोर्टात हे कागद कसे तयार होतात, साक्ष कशी होते, अंगठा कसा घेतला जातो, हे त्यांनी वीस वर्षं स्वतः पाहिलेलं होतं. विलायतेहून थेट वर आलेल्या न्यायाधीशाला हे पुस्तकातून शिकावं लागायचं.

त्या काळी नाशिकच्या किंवा सोलापूरच्या पक्षकाराला अपिलासाठी मुंबईच गाठावी लागायची. हायकोर्ट लोकांच्या जवळ यावं ही मागणी काही आजची नाही, पण रानड्यांचं बालपण गेलं त्या कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं ते ऑगस्ट २०२५ मध्ये. सातारा आणि सोलापूर, रानड्यांच्या दौऱ्यातले हे दोन जिल्हे, आता त्याच बेंचला जोडलेले आहेत. निफाडलाही आज स्वतःचं कोर्ट आहे. नाशिकचं अपील मात्र अजून मुंबईलाच जातं.

हायकोर्टात असतानाच त्यांनी मराठी सत्तेच्या उदयावरचं पुस्तक लिहिलं, ते १९०० साली निघालं. सामाजिक परिषदेचं काम सुरू होतं, लोकांची पत्रं, अर्ज, भेटी सुरू होत्या. पुण्यात टिळकांचा पक्ष एका बाजूला, रानडे दुसऱ्या बाजूला, भांडणं कडू झाली होती. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचं प्रकरण निघालं आणि नंतर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. तेव्हा सनातनी आणि सुधारक दोघांनीही त्यांना बोल लावला. समेट घडवायची सवय त्यांना कोर्टातून लागली होती की स्वभावातच होती, सांगणं अवघड. बाहेर मात्र तिचा त्रासच जास्त झाला.

१९०० च्या अखेरीस प्रकृती ढासळली. डिसेंबरमधल्या लाहोरच्या सामाजिक परिषदेलाही जाता आलं नाही. जानेवारीत ते रजेवर गेले. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री मुंबईत त्यांचं निधन झालं. एकोणसाठ पुरी व्हायला दोन दिवस कमी होते. हायकोर्टातल्या त्यांच्या जागेवर त्याच वर्षी नारायण गणेश चंदावरकर आले. शेतकऱ्यांच्या त्या कायद्याखाली चार जिल्ह्यांत दावे चालूच होते.